लिलावातली जुनी दुनळी : एका बारा बोअर बॉक्सलॉकच्या खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मूळचा नाशिककडचा एक अभियंता बरीच वर्षे इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात नोकरी करतो. क्लबमध्ये तो मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करतो आणि हिवाळ्यात चार-दोनदा फेझंट पक्ष्याच्या शिकारीला जातो. त्याच्याकडे वरखाली नळ्यांची आधुनिक इटालियन बंदूक होती. आता त्याला शेजारी-शेजारी नळ्यांची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप) जुनी इंग्रजी दुनळी हवी होती, आणि तीही वापरायला. भिंतीवर टांगण्याचा त्याचा विचार नव्हता. दुरुस्ती धरून १,२०० पौंडांच्या वर जायचे नाही, हे त्याने आधीच ठरवले होते.

इंग्लंडमध्ये शॉटगनसाठी, म्हणजे अशा छर्र्यांच्या बंदुकीसाठी, पोलिसांकडून मिळणारे शॉटगन सर्टिफिकेट लागते आणि ते पाच वर्षे चालते. ते नसेल तर लिलावात बोली जिंकूनही बंदूक हातात पडत नाही. सर्टिफिकेट असले, तरी ती पोस्टाने घरी येत नाही. बंदुकांसंबंधीच्या १९९७ च्या दुरुस्ती कायद्यानुसार बंदूक समोरासमोर हाती द्यावी लागते. तिथवर जाणे जमत नसेल, तर एका नोंदणीकृत विक्रेत्याने ती दुसऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे पाठवायची आणि खरेदीदाराने तिथून घ्यायची. तो विक्रेता त्याचे पैसे घेतो. व्यवहार झाला की सात दिवसांत पोलिसांना कळवावे लागते. घरबसल्या ऑनलाइन बोली लावणाऱ्यांच्या हिशेबात हा हस्तांतराचा खर्च बहुतेकदा नसतो.

एका ग्रामीण लिलावगृहाच्या बंदुकांच्या विक्रीत त्याने तीन लॉट, म्हणजे विक्रीतल्या तीन बंदुका, निवडले होते.

पहिला लॉट लंडनच्या नामांकित कारागिराचा साइडलॉक, म्हणजे कुलूप (बार उडवणारी यंत्रणा) बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली बंदूक. कोरीव काम सुरेख, अंदाज ८०० ते १,२०० पौंड. दुसरा बर्मिंगहॅमचा बॉक्सलॉक इजेक्टर, म्हणजे कुलूप आत पेटीत असलेली आणि उडालेले काडतूस आपोआप बाहेर फेकणारी बंदूक. त्याच्यावर एका छोट्या शहरातल्या दुकानदाराचे नाव होते, अंदाज ३०० ते ४०० पौंड. तिसरा डमास्कस नळ्यांची, बाहेरच्या घोड्यांची बंदूक, अंदाज २०० ते ३००. तिसऱ्यावर फक्त काळ्या दारूचे प्रूफ (प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाने घेतलेली चाचणी आणि तिचा शिक्का) होते, म्हणजे आजची नायट्रो, म्हणजे धूररहित दारूची, काडतुसे तिच्यात घालता येणार नव्हती. ती लगेच बाद झाली.

अडचण

खरी ओढ पहिल्या लॉटची होती. लंडनचे नाव, साइडलॉकची रचना आणि एवढी कमी किंमत, यावर सहज भुरळ पडते. पण असली बंदूक स्वस्त असते त्यामागे काही कारण असते, आणि ते कारण बहुधा नळ्यांत असते. दस्ता बदलता येतो, कुलूप दुरुस्त होते, स्प्रिंग नवी घालता येते. नळीची भिंत मात्र झिजली की तिच्यात पुन्हा धातू भरता येत नाही. शंभर वर्षांत नळी आतून गंजते, मग कोणीतरी खड्डे काढायला ती आतून घासतो. बाहेर ओरखडे पडतात, मग कोणीतरी बाहेरून घासून पुन्हा काळा रंग चढवतो. प्रत्येक वेळी बंदूक नव्यासारखी दिसते आणि भिंत पातळ होत जाते.

त्यामुळे प्रश्न तीन होते. कुठल्या बंदुकीच्या नळ्या शाबूत आहेत, हे बोलीआधी कसे कळणार? कळल्यावर बोलीची मर्यादा कशी काढायची? आणि मुळात लिलावात घ्यायची, की गावातल्या विक्रेत्याकडून?

पर्याय

विक्रेत्याकडे त्याच दर्जाचा, साफ करून तपासलेला बॉक्सलॉक १,१०० ते १,३०० पौंडांना मिळत होता. त्यात काही महिन्यांची हमी होती आणि खरेदीआधी तबकड्यांवर चालवून बघायची सोय होती. लिलावात यातले काही नसते. वस्तू जशी आहे तशी विकली जाते. आमच्या मते पहिली इंग्रजी दुनळी घेणाऱ्याने विक्रेत्याचा पर्याय गंभीरपणे धरावा. या खरेदीदारानेही धरला. पण त्याच्या ओळखीचा एक गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, पाहणीच्या दिवशी मोजमापाची साधने घेऊन सोबत यायला तयार झाला, तेव्हा पारडे लिलावाकडे झुकले.

फोटो पाहून ऑनलाइन बोली लावायची हा पर्याय त्याने सोडला, आणि ते बरोबरच झाले. फोटोत लाकूड आणि कोरीव काम दिसते. नळीची जाडी फोटोत दिसत नाही.

पाहणी

पाहणी लिलावाच्या आदल्या दिवशी होती. गनस्मिथने ठरलेल्या क्रमाने काम केले. तो क्रम इथे तपशिलाने देत आहोत.

आधी बंदूक बंद ठेवून फोरएंड (नळ्यांखालचा सुटा लाकडी भाग) काढला आणि नळ्या हाताने हलवून पाहिल्या. मग उजेडासमोर धरून नळ्यांचे मागचे टोक आणि ॲक्शनचा (नळ्या ज्यात बसतात त्या धातूच्या भागाचा) उभा चेहरा यांच्यात फट दिसते का ते पाहिले. फोरएंड लावलेला असेल, तर तो नळ्या मागे दाबून धरतो आणि ढिलेपणा झाकतो. दुसऱ्या लॉटमध्ये केसाएवढा उजेड दिसला. बिजागरीची पिन आणि तिच्यावर अडकणारा नळ्यांखालचा हुक यांच्यातली झीज भरून काढावी लागणार होती. हे नेहमीचे काम आहे, पण पैसे लागतात.

मग नळ्या काढून हुकापाशी बोटावर टांगल्या आणि पेराने टकटक केली. दोन नळ्यांमधली रिब सर्वत्र नीट झाळलेली असेल, तर घंटेसारखा लांब नाद येतो. बसका आवाज आला, तर रिब कुठेतरी सुटलेली असते आणि तिच्याखाली ओल शिरून गंज चढत असतो. तो गंज आतून किंवा बाहेरून दिसत नाही. दोन्ही लॉटच्या नळ्या चांगल्या वाजल्या.

मग नळ्या खिडकीकडे धरून आतून पाहिल्या. चकाकीपेक्षा सावलीच्या रेषा पाहायच्या असतात. रेषा कुठे वाकली तर तिथे पोचा किंवा फुगवटा असतो. तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट असेल किंवा चोक (तोंडाशी नळी किंचित अरुंद असणे) अजिबात नसेल, तर नळ्या पुढून कापलेल्या असण्याचा संशय घ्यायचा. मागच्या टोकापासून तीनेक इंचांवर नळीभोवती बारीक रेघ दिसली, तर जुन्या बुडाला नव्या नळ्या जोडलेल्या असतात. अशा बंदुकीवर तसा शिक्का असावा लागतो आणि किंमत बरीच उतरते. इथे यातले काही नव्हते.

मग मोजमाप. बारा बोअरचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच असतो आणि तो मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजतात. प्रूफच्या वेळच्या मापापेक्षा व्यास ०.०१० इंच, म्हणजे दहा थाउ (इंचाचे हजारांश) वाढला, की बंदूक प्रूफबाहेर जाते आणि तशी ती विकणे हा गुन्हा ठरतो. १९५४ पूर्वीच्या बंदुकीवर बोअर ‘१२’ किंवा ‘१३/१’ असा लिहिलेला असतो. ‘१२’ म्हणजे ०.७२९ आणि ‘१३/१’ म्हणजे ०.७१९. त्यामुळे ‘१३/१’ शिक्क्याच्या नळीत आज ०.७२९ भरले, तर आकडा पाहायला अगदी बरोबर वाटतो, पण ती बंदूक प्रूफबाहेर असते. नवखा माणूस इथेच फसतो.

पहिल्या लॉटवर १९५४ नंतरचे पुनर्प्रूफ होते आणि त्यात व्यास ०.७३५ नोंदलेला होता. आता भरला ०.७४२. म्हणजे सात थाउ वाढ, कायद्याने अजून प्रूफमध्ये. पण भिंतीची सर्वांत कमी जाडी उजवीकडे १७ थाउ आणि डावीकडे १५ थाउ निघाली. बहुतेक गनस्मिथ २० थाउला खालची मर्यादा मानतात. प्रूफचा नियम व्यास मोजतो, भिंतीची किमान जाडी तो सांगत नाही. त्यामुळे प्रूफमध्ये असलेली बंदूकही इतकी पातळ असू शकते, की गाडीच्या दाराला आपटली तरी पोचा पडेल, आणि तो पोचा काढून घासायलाही धातू उरलेला नसेल.

दुसऱ्या लॉटमध्ये व्यास ०.७२९ आणि ०.७३०, शिक्का ‘१२’. भिंत उजवीकडे २७ आणि डावीकडे २५ थाउ. या नळ्यांना आतून जवळजवळ कोणी हात लावलेला नव्हता.

नंतर नळ्यांच्या बुडाखालच्या चपट्या भागावरचे शिक्के वाचले. मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी ही अक्षरे, म्हणजे बर्मिंगहॅम प्रूफ हाउस, १९०४ नंतर. चौकटीच्या हिऱ्यात १२ आणि सी, म्हणजे बारा बोअर आणि तीन इंचांपेक्षा आखूड चेंबर (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग). चेंबरची लांबी इंचात लिहायची पद्धत १९२५ पासूनची आहे. ती इथे नव्हती, म्हणून बंदूक १९०४ ते १९२५ मधली. नळ्या, ॲक्शन आणि फोरएंडवरचे क्रमांक जुळले. दस्ता चापापासून १४ इंच भरला, खरेदीदाराला साडेचौदा हवे होते. ॲक्शनच्या मागे लाकडाला तडा नव्हता, पण तेल मुरून लाकूड काळवंडले होते. डावा इजेक्टर उजव्यापेक्षा किंचित उशिरा उडत होता.

हे शिक्के महाराष्ट्रातल्या वाचकांच्याही उपयोगाचे आहेत. आजोबांच्या परवान्यावरून वारसाने आलेली ग्रीनर किंवा वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कारखान्यांची बारा बोअर अजून काही घरांत आहे. तिच्या चपट्या भागावर हीच भाषा लिहिलेली असते. खडकीच्या कारखान्यातली किंवा कुठलीही काडतुसे घालण्याआधी डब्यावरची लांबी आणि आपल्या बंदुकीचे चेंबर जाणकाराकडून ताडून घ्यावे. काडतुसाची लांबी ते उडाल्यानंतरची धरतात. त्यामुळे ७० मिलिमीटरचे न उडालेले काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते. ते उडाल्यावर त्याचे तोंड उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो.

बोलीचा निर्णय

पहिला लॉट इथेच सोडून दिला. तिच्या जुन्या बुडाला नव्या नळ्या जोडायच्या, तर गनस्मिथने सांगितलेला खर्च लिलावाच्या अंदाजाच्या दुपटीपेक्षा जास्त होता, आणि जोडल्यावरही बंदुकीची किंमत मूळ नळ्यांच्या बंदुकीएवढी होत नाही. खरेदीदाराला हे पटायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या लॉटची मर्यादा उलट दिशेने काढली. एकूण १,२०० पौंडांतून आधी दुरुस्ती वजा : नळ्या पुन्हा घट्ट बसवायला २६०, पूर्ण खोलून साफ करणे आणि इजेक्टर जुळवणे १४०, दस्त्याला अर्धा इंच जोड १२०. उरले ६८०. या लिलावगृहाचे खरेदीदाराचे प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क, २५ टक्के होते, त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे हातोड्याच्या रकमेवर (जिंकलेल्या बोलीवर) प्रत्यक्षात ३० टक्के. ६८० भागिले १.३ बरोबर ५२३ पौंड.

बोली मात्र टप्प्यांनी चढते. इथे ५०० पर्यंत २० चा टप्पा होता आणि पुढे ५० चा. ५२३ ही बोली लावताच येत नाही. ५०० वर थांबायचे की ५५० पर्यंत जायचे, हे आदल्या रात्री ठरवायला हवे होते, कारण दालनात समोरच्याने ५०० म्हटल्यावर शांत डोक्याने विचार होत नाही. ५५० ला एकूण ७१५ होत होते, म्हणजे मर्यादेवर ३५ पौंड. त्याने ५०० ही शेवटची बोली कागदावर लिहून ठेवली. दालनात स्वतः हजर राहिल्याने ऑनलाइन बोलीचा वेगळा आकारही वाचला.

लॉट ४८० ला त्याच्याकडे पडला. १२० प्रीमियम, २४ व्हॅट, एकूण ६२४ पौंड. पहिला लॉट पुढे अंदाजापेक्षाही वर विकला गेला.

नंतर निघालेली गोष्ट

बंदूक थेट गनस्मिथच्या कार्यशाळेत गेली. तिथे चेंबर गेज घातला, तर दोन्ही चेंबर ७० मिलिमीटर निघाले, म्हणजे पावणेतीन इंच. त्या काळातली बारा बोअर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. चेंबरपुढच्या निमुळत्या भागावर रीमरच्या (छिद्र कोरून वाढवायच्या हत्याराच्या) खुणाही ताज्या होत्या. कोणीतरी नंतर चेंबर लांबवले होते आणि त्यानंतर पुन्हा प्रूफ झाल्याची खूण कुठेच नव्हती. चेंबर लांबवताना नळीतला धातू निघतो, आणि असा बदल झाला की पुनर्प्रूफ करावेच लागते. ते होईपर्यंत ही बंदूक विकण्यासारखी नव्हती, आणि वापरण्यासारखीही नव्हती.

पाहणीत हे निसटले, कारण चेंबरची लांबी शिक्क्यावर नव्हतीच आणि ‘अडीच इंचच असणार’ असे धरले गेले. १९२५ पूर्वीच्या बंदुकीत नेमके हेच गेज लावून पाहायला हवे. या बाबतीत शिक्का काहीच सांगत नाही.

खरेदीदाराने त्याच दिवशी लिलावगृहाला लेखी कळवले. सोबत गेजचे माप आणि चपट्या भागाचा फोटो दिला. बंदूक प्रूफबाहेर विकली गेली असेल, तर विकणाऱ्याचीच कायदेशीर अडचण होते, हे लिलावगृहाला नीट माहीत होते. शिवाय मूळ मालकाचे पैसे अजून त्यांच्याकडेच होते. लिलावगृहे विक्रीनंतर काही आठवड्यांनी मालकाला पैसे देतात, त्यामुळे तक्रार पहिल्या दिवसांत झाली तर तिला वजन असते. त्यांनी दोन मार्ग सुचवले. सरळ पैसे परत, किंवा गनस्मिथमार्फत पुनर्प्रूफ : पास झाली तर प्रूफचा खर्च त्यांचा, नापास झाली तर ६२४ पौंड परत.

दुसरा मार्ग ऐकायला बिनधोक वाटतो, पण त्यात एक खाच होती. प्रूफ हाउसला बंदूक धडधाकट अवस्थेत द्यावी लागते. ढिल्या नळ्यांची बंदूक ते घेत नाहीत. म्हणजे २६० पौंडांचे नळ्या बसवण्याचे काम आधी करावे लागणार होते, आणि नळ्या प्रूफमध्ये फुगल्या तर ते पैसे खरेदीदाराचे बुडणार होते. प्रूफचे काडतूस नेहमीच्यापेक्षा बरेच जास्त दाबाचे असते. फुगवटा, सुटलेली रिब, ॲक्शनला चीर, यांपैकी काहीही होऊ शकते.

गनस्मिथने निमुळत्या भागाभोवती आणि त्याच्या पुढे भिंत पुन्हा मोजली. दोन्ही बाजूंनी जाडी सारखी होती, म्हणजे रीमर तिरका गेला नव्हता. व्यास जवळजवळ मूळचा, भिंत २५ थाउच्या वर, रिब घट्ट. या आधारावर खरेदीदाराने २६० चा धोका पत्करला. आमच्या मते तो निर्णय योग्य होता. १५ थाउच्या नळ्या असत्या, तर पैसे परत घेणे हाच शहाणपणा ठरला असता.

निकाल

बंदूक पास झाली. साधारण दोन महिन्यांनी परत आली, तेव्हा चपट्या भागावर नवे शिक्के होते : बोअर १८.५ मिलिमीटर, चेंबर ७०. बाकी दुरुस्ती ठरल्याप्रमाणे झाली. हिशेब असा : खरेदी ६२४, नळ्या २६०, साफसफाई आणि इजेक्टर १४०, दस्ता १२०, एकूण १,१४४ पौंड.

विक्रेत्याकडची तशीच बंदूक १,१०० ते १,३०० ला होती. म्हणजे पैशांत फारसे काही वाचले नाही, आणि हमीही मिळाली नाही. उद्या हीच बंदूक लिलावात विकली, तर हातोड्याची रक्कम ४०० ते ५०० च्या आसपास राहील आणि त्यातून लिलावगृहाचे विकणाऱ्याकडून घेतले जाणारे कमिशन कापले जाईल. दुरुस्तीवर घातलेला पैसा लिलावात परत येत नाही. जुना बॉक्सलॉक वापरण्यासाठी घ्यावा, गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

चेंबर ७० चे झाले, तरी तो ६५ मिलिमीटरची, २४ ते २८ ग्रॅम छर्र्यांची काडतुसे वापरतो. बंदूक तीन किलोपेक्षा हलकी आहे. जड काडतुसाने खांदाही दुखतो आणि नुकत्याच घट्ट केलेल्या बिजागरीची झीजही वाढते. इंग्लंडमध्ये १९९९ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. पोलादी छर्रे या नळ्यांतून सोडायचे नाहीत असा गनस्मिथचा सल्ला होता, म्हणून तशा शिकारीसाठी बिस्मथची महाग काडतुसे घ्यावी लागतात. हा चालू खर्च सुरुवातीच्या हिशेबात धरलेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

चेंबर गेज हे सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि खिशात मावते. ते पाहणीच्या दिवशी सोबत असते, तर मर्यादा ठरवतानाच पुनर्प्रूफचा खर्च आणि धोका धरता आला असता, किंवा लिलावगृहाला बोलीआधीच विचारता आले असते. लिलावगृहाने बहुधा लॉट मागे घेऊन आधी प्रूफ करून घेतले असते.

दुसरी गोष्ट लेखी अहवालाची. बहुतेक लिलावगृहे मागितल्यावर स्थितीचा अहवाल देतात. त्यात व्यास, भिंतीची जाडी, चेंबरची लांबी आणि प्रूफची स्थिती हे चार मुद्दे नाव घेऊन विचारावेत. नुसते ‘स्थिती कशी आहे’ विचारले, तर ‘वयाच्या मानाने चांगली’ एवढेच उत्तर येते. इथे खरेदीदाराने जाडी आणि व्यास विचारले होते, चेंबर विचारले नव्हते.

तिसरे, विक्रीच्या अटींमधले तक्रारीचे कलम बोलीआधी वाचायला हवे होते. तक्रारीची मुदत किती, कोणत्या दोषासाठी पैसे परत, हे त्याने दोष निघाल्यावर वाचले. सुदैवाने गनस्मिथकडे बंदूक लगेच गेली होती. ती महिनाभर कपाटात राहिली असती, तर मालकाला पैसे जाऊन चुकले असते आणि लिलावगृहाशी बोलणी फार अवघड झाली असती.

दस्त्याचे काम मात्र त्याने पुनर्प्रूफच्या निकालानंतर करून घेतले, आधी नाही. नापास झाली असती, तर निदान ते १२० पौंड त्याच्या खिशात राहिले असते.